ओट्यावरचे आशाभाऊ

आमच्या ब्राह्मणपुरीत कधी आलात आणि कुणाच्या ओट्यावर एखादा झुपकेदार मिशांचा म्हातारा शर्टाची वरची बटणं सोडून, गुंडाळलेला टॉवेल छातीशी धरून बसलेला दिसला, तर दचकू नका. ते जिभाऊ. त्या टॉवेलला वरून बाळाची टोपी घातलेली असेल, खालून लोकरीचे दोन पायमोजे लोंबत असतील, आणि समोरच्या चार-पाच बापई माणसांना ते दरडावून विचारत असतील, "आते सांगा, पॅसेंजरनं तोंड कोन्ती बाजूले?"

बरोबर उत्तर असं, की तोंड एका बाजूला आणि नाक मोकळं. चुकलात तर धडा पहिल्यापासून. मधे उठून जायची सोय नाही, कारण गाडी चालू असताना उतरलेलं त्यांना चालत नाही.

जिभाऊ आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. सगळी नोकरी त्यांनी एस.टी.च्या स्टिअरिंगवर काढली, तीही बहुतेक नंदुरबार-धडगाव गाडीवर. सातपुड्यातला तो घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांना एवढंच सांगतो, की त्या रस्त्यावर खिडकीशी बसणारा माणूस मोबाईल खिशात ठेवतो आणि देवाचं नाव घेतो. त्या घाटात जिभाऊंनी गाडी चालवली आणि रिटायर झाल्यावर मिशा तेवढ्या वाढवल्या.

त्यांची बायको सुमनकाकू आमच्या गावच्या आशाताई. कुणाकडे बाळंतपण झालं, की काकू ठरलेल्या दिवशी त्या घरी जातात. बाळाचं वजन करतात, अंग गरम आहे का पाहतात, नाळ पाहतात, आईला अंगावर पाजायचं कसं ते जवळ बसून शिकवतात. बाळ जरा मोठं झालं की वरचं खाणं, लसी, खेळवणं, बोलणं. शेतातल्या वस्त्यांवर जायचं तर पायी तासन् तास जायचे. काकूंना गाडी येत नाही. जिभाऊ रिकामे. तेव्हा ते मोटारसायकल काढायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, "ती वाहक, मी चालक."

आता चालकाचं काम गाडी लावली की संपतं. काकू आत जायच्या, जिभाऊ ओट्यावर बसायचे. ओट्यावर आजोबा, बाप, काका, सगळे पपईच्या भावावर बोलत असायचे. आणि आतून खिडकीतून काकूंचा आवाज यायचा. सहा महिने फक्त आईचं दूध, घुटी नको, मध नको, पाणी नको. घरोघरी तेच ते ऐकून जिभाऊंना सगळं पाठ झालं. पण त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. आतल्या बाया सगळ्याला मान हलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "यासले इचारनं पडी." म्हणजे यांना विचारावं लागेल. आणि 'हे' तर बाहेर बसलेत, पपईवर बोलत!

जिभाऊंनी मला हे समजावलं तेव्हा हात असा हवेत फिरवला होता, स्टिअरिंगसारखा. "भूषण, माहिती चालनी चुल्हाकडे, नि ब्रेक शे ओटावर. गाडी चाली कशी?"

त्या दिवसापासून त्यांनी ओटा ताब्यात घेतला, आणि टॉवेलचं बाळ करून बापांना शिकवू लागले.

त्यांची भाषा सगळी डेपोची. बाळ म्हणजे पॅसेंजर. बाळंतपणानंतरचा पहिला महिना म्हणजे घाट, तिथं गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची नाही. आईचं दूध म्हणजे डिझेल. एखादा म्हातारा म्हणाला, "थोडं पानी पाजं तं काय व्हस?" की जिभाऊ मिशीवरून हात फिरवत विचारतात, "डिझेलमा पानी टाकतस का भो?" मग म्हातारा पाण्याचा तांब्या परत आत पाठवतो. त्यांच्या या भाषेला हरकत घेतली ती फक्त शहाद्याच्या सलीम मिस्तरींनी. ते जिभाऊंचे जुने दोस्त, त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्या नातवाच्या वेळी जिभाऊ तिथंही टॉवेल घेऊन गेले आणि बाळाचं इंजिन गरम ठेवायचं महत्त्व सांगू लागले. मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. "जिभाऊ, इंजन गरम हुआ तो गाडी खडी करनी पडती. बच्चेकू इंजन मत बोलो." दोघांचा त्यावर एवढा वाद झाला, की आत बाळ उठलं. शेवटी तडजोड म्हणून मिस्तरींच्या घरापुरतं बाळ म्हणजे तंदूरमधली रोटी असं ठरलं.

साबण ते स्वतःचा बाळगतात, खिशात, डबीसकट. बाळाला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग तुम्ही कुणी का असेना. एकदा सरपंच हार-नारळ घेऊन एका बारशाला आले, तर जिभाऊंनी त्यांना दारातच अडवलं. सरपंच म्हणाले, "जिभाऊ, मी सरपंच शे." जिभाऊ म्हणाले, "हात कोना शेतस?" सरपंचांनी हार बगलेत धरला आणि हात धुतले. कार्यकर्त्यांनीही धुतले. त्या दिवशी त्या घरचं पाणी संपलं.

आणि बाळ असलेल्या घरापाशी ते मोटारसायकल चालू ठेवून जात नाहीत. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करतात आणि ढकलत आणतात. ज्या माणसाच्या हॉर्नने घाटातली वानरं पळायची, तो इथे स्टँडसुद्धा आवाज न करता लावतो. मागे काकू पदर सावरत चालत असतात. "गाडी शे का गाय?" त्या म्हणतात. जिभाऊ ऐकू न आल्यासारखं करतात.

लोक हसतातच. पारावरची मंडळी त्यांना 'आशाभाऊ' म्हणतात. "आशाभाऊ, बाईसना कामात तुम्हनं काय काम?" असं कुणी चिडवलं, की ते म्हणतात, "पोऱ्या काय बाईसनाच ऱ्हास का? बारसाना पेढा तं तू खास." आता त्यांना आशाभाऊ म्हटलेलंच आवडतं. एकदा तालुक्याच्या बैठकीला काकूंना सोडायला गेले, तर साहेबांनी विचारलं, हे कोण? जिभाऊ उभे राहून म्हणाले, "आशाभाऊ, ब्राह्मणपुरी." साहेबांनी त्यांनाही चहा दिला. त्याचा उल्लेख त्यानंतर किती वेळा झाला ते विचारू नका.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शहाद्याच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, आणि तिथंच ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरीला आहे. जिभाऊंची टॉवेलची शाळा मीही लांबून पाहून हसायचो. मग या पौषात ती शाळा आमच्या ओट्यावर आली.

ज्योतीचं, माझ्या बायकोचं, बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झालं. ऑपरेशन करावं लागलं. मुलगा झाला, पण हातात घेतला तर ओंजळ भरेल न भरेल एवढा. काही दिवस नंदुरबारला दवाखान्यात त्याला गरम पेटीत ठेवलं. घरी सोडताना तिथल्या सिस्टरने बजावलं, याला छातीला लावून ठेवा, उघड्या अंगाला अंग, जितका वेळ जमेल तितका. आईने ठेवा, बापाने ठेवा, घरातल्या कुणीही ठेवा, पण गार पडू देऊ नका.

ज्योतीने ठेवलं. पण घरी आल्यावर तिच्या टाक्यांना त्रास झाला आणि ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, बाळाला पाजत राहा म्हणाले, पण छातीवर घेऊन बसायचं बळ तिच्यात उरलं नाही. माझ्या आईला दमा, थोडा वेळ घेतलं की धाप लागायची. थंडी तर अशी, की सकाळी पपईच्या पानांवर पांढरं दिसायचं.

एका दुपारी काकू आल्या. बाळाचे पाय हातात धरले आणि त्यांचं तोंड बदललं. "पाय गार शेतस. पोट बी गार व्हई ऱ्हायनं. दूध ओढाना जोर नही." त्यांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, आत्ताच्या आत्ता छातीला लावा आणि पांघरूण घाला. तासाभरात पाय गरम झाले नाहीत, तर निघा. काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "भूषण, शर्ट काढ. तू घे."

मी हात पुढे केले, आणि माझी नजर दाराकडे गेली. मधल्या घराचं दार उघडं होतं आणि समोर ओट्यावर आबा, माझे वडील, बसलेले.

बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. आमच्याकडे बापासमोर स्वतःचं मूल उचलत नाहीत. तसं कुणी सांगत नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन गावभर मिरवतील, पण मुलाने बापादेखत लेकराला हात लावला तर तो निर्लज्ज. आबांनी मला त्यांच्या बापासमोर कधी घेतलं नाही. आणि इथे तर उघड्या अंगाने, बायकोच्या खाटेशेजारी! आबांनी स्वतः घ्यावं म्हटलं, तर सासरा सुनेच्या खोलीत येत नाही, आणि ओट्यावर वारं सुटलेलं. घरात एवढी माणसं, प्रत्येकाच्या छातीत ऊब, आणि बाळ गार पडत चाललेलं.

काकूंनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं. त्या सरळ बाहेर गेल्या आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या जिभाऊंच्या कानाला लागल्या.

जिभाऊंनी त्या दिवशी टॉवेल आणलेला होता. आबांनी तो पाहून आधीच सांगून ठेवलं होतं, "हाऊ खेळ मन्हा ओटावर नको, जिभाऊ." मला वाटलं, आता भाषण होणार. घाट, डिझेल, सगळं येणार, आबा भडकणार, आणि वेळ जाणार. पण जिभाऊंनी टॉवेल पिशवीत कोंबला, पिशवी बाजूला सारली आणि उभे राहिले.

"आबा, चाल. पपई दखाले जाऊ."

"मी सकायमाच दखी उनू."

"मन्ही दखानी ऱ्हायनी."

"तुले पपईनं काय?" आबा म्हणाले. "नि मन्हा घरमा पोऱ्या आजारी शे, मी काब्र उठू?"

"पोऱ्या आजारी शे म्हनीसनच ऊठ," जिभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा हळू कधी ऐकला नव्हता. "तू आठे बठेल शे तठलोंग भूषणना हात बांधेल शेतस. तू काय वाईट करी नही ऱ्हायना. फक्त बठेल शे. ऊठ."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. गावात आबांना ऊठ म्हणणारा माणूस नाही. मी आतून पाहत होतो. मग आबांनी वहाणा पायात सरकवल्या, टोपी नीट केली, आणि जिभाऊंच्या मागे जाऊन मोटारसायकलवर बसले. जिभाऊंनी ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. वर आबा बसलेलेच. उतरायचं त्यांना सुचलं नाही, का उतरायचं नव्हतं, ते माहीत नाही.

मी शर्ट काढला. काकूंनी बाळ माझ्या छातीवर ठेवलं, पाय दुमडून, तोंड एका बाजूला, आणि वरून ज्योतीची गोधडी गुंडाळली. बेडकासारखं गार लागलं ते आधी. मग किती वेळ गेला कळलं नाही. मला फक्त त्याचे पाय माझ्या बरगड्यांवर कळत होते. काकू मधून मधून गोधडीत हात घालून पाहायच्या आणि हात काढून घ्यायच्या. एकदा हात काढला आणि त्या जमिनीवरच बसल्या. "गरम व्हई ऱ्हायना," म्हणाल्या. ज्योती खाटेवरून माझ्याकडे बघत होती आणि रडत होती. बाळाने थोड्या वेळाने माझ्याच छातीवर दूध शोधायला सुरुवात केली, तेव्हा ती रडता रडता हसली.

त्यानंतर रोज तोच कार्यक्रम. जिभाऊ दुपारी यायचे आणि आबांना घेऊन जायचे. कधी पपई पाहायला, कधी सलीम मिस्तरींकडे, कधी कुणाची नवीन बोअर पाहायला. दोन म्हातारे थंडीत मफलर गुंडाळून सगळा शिवार फिरले. गावाला वाटलं, यांचं जमिनीचं काही चाललंय. आबांनी एकदाही विचारलं नाही, की आपण कुठे चाललोय. त्यांना पक्कं ठाऊक होतं, आपण कुठे नसायला हवं.

एक दिवस ते लवकर परत आले. मी मधल्या घरात उन्हाच्या कवडशात बाळाला छातीवर घेऊन बसलो होतो. दारात आबा. मला उठताही येईना, लपताही येईना. मागे जिभाऊ उभे, त्यांचंही तोंड उतरलेलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, गोधडीतून बाहेर आलेल्या टोपीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दार लाव. वारा येस."

मी उठू शकत नव्हतो, म्हणून दार त्यांनीच लावलं. आतून. आणि माझ्यासमोर पाटावर बसले.

आमच्या घरात ही गोष्ट झाली, हे मी कुणालाही छाती काढून सांगतो. शाळा-कॉलेजात मला बक्षिसं मिळाली, आबांनी ती कपाटात ठेवली. पण त्या पाटावर बसून आबा माझ्याकडे पाहत होते, तसं त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. आणि हे घडवलं ते आमच्या गावच्या एका रिटायर ड्रायव्हरने. आज आमच्या गल्लीत दोन घरी बाप लोक ओट्यावर, सगळ्यांदेखत, बाळ घेऊन बसतात. बसू द्या.

बाळ सावरलं. काकूंच्या झोळीच्या वजनकाट्यावर काटा पुढे सरकू लागला. तरी अजून छातीला लावणं चालूच ठेवा, असं सिस्टरचं म्हणणं होतं. अशात एका दुपारी मला ज्योतीचं औषध आणायला शहाद्याला जायचं होतं. ज्योती नुकती झोपली होती. आई चुलीपाशी. आबांना सर्दी झालेली, तेव्हा काकूंनी त्यांना बाळापासून लांब बसवलेलं. मी म्हणालो, "जिभाऊ, जरा वेळ धरता का?"

"मी?" जिभाऊ म्हणाले.

"हो. तुम्हीच."

"मन्हा हात ग्रीसना शेतस."

"मंग धुवा," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत, आणि परत एकदा. मग बटणं सोडायला लागले, आणि त्यांना ती सुटेनात. उभ्या गावासमोर ओट्यावर शर्ट उघडणारा माणूस, दुसऱ्या बटणावरच अडकला. आबा लांबून म्हणाले, "काय रे भो, आज काय झायं?" जिभाऊ त्याच बटणाशी झटत राहिले. शेवटी काकूंनी पुढे होऊन बटणं काढली. मी बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि हवेतच धरले. कुठे ठेवायचे ते त्यांना माहीत नव्हतं. काकूंनी एक हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवला, दुसरा ढुंगणाखाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिभाऊंनी खरं बाळ असं कधी घेतलंच नव्हतं.

मी चपला घातल्या, तरी माझा पाय निघेना. बाळाने एक जांभई दिली आणि त्यांच्या छातीच्या पांढऱ्या केसांत बोटं अडकवली. जिभाऊ मान न हलवता म्हणाले, "सुमन, आपला कैल्या बी इतलाच व्हता का वं?"

कैलास त्यांचा मुलगा. सुरतेला असतो, माझ्याहून उंच आहे. येतो तेव्हा जिभाऊ त्याला स्टँडवर आणायला जातात, त्याची बॅग हातात घेतात, आणि गाडी वेळेवर होती का एवढंच विचारतात.

काकू काट्याची झोळी घडी करून ठेवत होत्या. "याना दुप्पट व्हता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही मुक्कामी धडगावले. नि घर उनात का नाना, मन्हा सासरा, ओटावर बठेल. तुम्ही कव्हय दखा त्याले?"

"दखा व्हता," जिभाऊ म्हणाले. "झोपेल राहे, तव्हय."

आबा खिडकीकडे तोंड करून बसले. मी शहाद्याला जाऊन औषध घेऊन परत आलो, तरी जिभाऊ तिथंच होते, त्याच जागी. आई सांगत होती, मधे दोनदा बाळ पाजायला नेलं, आणि दोन्ही वेळा जिभाऊंनी हात पसरून परत मागून घेतलं. पुढ्यात चहा ठेवला होता, तो गार झाला. आईने नेऊन परत गरम करून आणला. तोही गार झाला.